उन्हात शिजलेलं गोड

हा दिवाळी अंक तुमच्या हातात असेल आणि शेजारी बशीत चकली-करंजी असेल, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर दारांना कुलपं लागलेली असतील. दसरा उरकला की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या दारात उभ्या राहतात. ज्यांनी आगाऊ उचल घेतलेली असते ते नवरा-बायको, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एक कोयता, भांडीकुंडी, पीठमीठ, शेळी, कडेवरचं पोर गाडीत घालून निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुण्या-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात. दिवाळीचं पाणी अंगावर पडतं ते उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. लाडू-शंकरपाळे होतात कुठे कुठे, पण त्यात जीव नसतो. पहाटे उठून फडात जायचं असतं. राज्याची साखर ज्यांच्या कोयत्यापासून सुरू होते, त्यांच्या घरात गोडाचा हंगाम दिवाळीत येत नाही.

तो येतो उन्हाळ्यात. फेब्रुवारी-मार्चपासून एकेका कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप थांबायला लागतं आणि गुढीपाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत गावं भरत जातात. कुलपं निघतात, घरं सारवली जातात, हिशोब होतो (तो बहुतेकदा मुकादमाच्याच बाजूने फिटतो), लग्नं जमतात, सप्ताह बसतात, जत्रा भरतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, कुठेही जा; वैशाखातल्या बीडमध्ये जेवढी माणसं घरी असतात तेवढी एरवी नसतात. म्हणून इथलं खरं गोडधोड वैशाखात होतं. पारा चाळिशी ओलांडून गेलेला, विहिरींनी तळ दाखवलेला, आणि घराघरांत शेवया.

शहरातल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एप्रिल लागला की 'उन्हाळी डेझर्ट' नावाचा रकाना येतो. त्यात सगळं गार असतं. फ्रीजरमध्ये आठ तास ठेवा, पुन्हा काढून घुसळा, पुन्हा ठेवा. उन्हाळा हा शत्रू, आणि गोड पदार्थ म्हणजे त्याच्यावरचा उतारा, असा त्या रकान्याचा एकूण समज दिसतो. चूक नाही त्यात काही. पण बीडच्या स्वयंपाकघरात उन्हाळ्याशी असं भांडण कुणी मांडलेलं नाही. इथे ऊन कामाला लावलेलं आहे. शेवया ऊनच वाळवतं, मुरांबा ऊन शिजवतं, गुलकंद ऊन मुरवतं, आंबा उन्हाच्या झळीने पिकतो. दूध आटलेलं, सरपण महाग, पाणी लांबचं. फुकट आणि भरपूर अशी एकच गोष्ट अंगणात पडलेली असते. ती वापरणाऱ्या बायकांनी त्याला कधी शास्त्र म्हटलं नाही, पण ते आहे शास्त्रच.

शेवयांपासून सुरुवात करू, कारण इथे उन्हाळी कामांत पहिला मान त्यांचा. गहू शक्यतो बन्सी घ्यायचा. हा कोरडवाहू, लांबट, काचेसारखा कडक दाणा. त्याच्या पिठाला ताण असतो, तार तुटत नाही. गहू धुऊन, ओलवून, फडक्यात रात्रभर बांधून ठेवायचा, सकाळी जरा सुकवून दळायचा. मग चाळण्या. आधी मैद्याच्या चाळणीतून, मग वस्त्रगाळ. कोंडा वेगळा, रवा वेगळा, सपीट वेगळं. रवा आणि सपीट यांचं प्रमाण प्रत्येक घराचं निराळं, आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवून ते पीठ तिंबायचं, म्हणजे अक्षरशः कुटायचं, आणि ओल्या फडक्याखाली मुरू द्यायचं.

पुढचं काम एकटीचं नाही. पाटावरच्या शेवया करायच्या तर एक जण उतरत्या पाटावर पिठाचा गोळा तळहाताने घासत खाली सोडते, दुसरी ती तार ताणून घेते, तिसरी काठीवर किंवा बाजेवर पसरते. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, परवा तिसरीकडे. शेतात जशी सावड असते तशीच ही अंगणातली सावड. फडावर सहा महिने मोळ्या बांधलेल्या बायका इथे पुन्हा एकत्र बसतात. कुणाच्या कारखान्यावर पाण्याची काय सोय होती, कुठल्या मुकादमाने काय केलं, कुणाची पोरगी उजवायची आहे, हे सगळं शेवयांच्या तारेबरोबर बाहेर पडतं. आता बहुतेक गावांत हाताने फिरवायचं लोखंडी यंत्र आहे किंवा गिरणीवाल्याने विजेवरचं मशीन आणलेलं आहे. पीठ न्यायचं आणि ओल्या शेवया घेऊन यायच्या. हातशेवयांची चव न्यारी असं सांगणारी माणसं बहुधा पाटावर न बसलेली असतात. यंत्राने बायकांच्या मनगटांचा वनवास संपवला, याबद्दल मला तरी काडीचं वाईट वाटत नाही.

यंत्र काहीही करू दे, वाळवायचं काम मात्र उन्हाचंच. त्याचंही तंत्र आहे. पहाटे लवकर सुरू करायचं, म्हणजे दहाच्या आत सगळं पसरून होतं. सुरुवातीलाच कडक ऊन लागलं तर शेवई बाहेरून कडक आणि आतून ओली राहते, मग डब्यात तिचे तुकडे होतात. म्हणून आधी सावलीत वारं द्यायचं, मग ऊन. दुपारी वावटळ उठते तेव्हा जुनं सुती लुगडं वरून टाकायचं. मे महिन्यात चारच्या सुमारास आभाळ भरून आलं की गल्लीत एकच पळापळ होते. वळीव कुणाच्या बाजेवर पडला तर ती मेहनत गेली. बीडसारख्या कोरड्या हवेत चांगली वाळलेली शेवई मात्र वर्षभर हलत नाही. घरात काही गोड नसताना अचानक पाहुणा आला तर डब्यातून ती निघते आणि पाव तासात ताटात येते.

करायला सोपी म्हणाल तर याहून सोपं गोड शोधून सापडणार नाही. पातेल्यात भरपूर पाणी उकळायचं, शेवया सोडायच्या, हाताच्या जाड असतील तर थोडा वेळ जास्त द्यायचा, चाळणीत ओतून वरून गार पाण्याचा हबका मारायचा की चिकटत नाहीत. त्यावर तूप आणि पिठीसाखर, किंवा तूप आणि चिरलेला गूळ. जास्त हौस असेल तर गुळवणी: गूळ कोमट पाण्यात विरघळवायचा, गाळून घ्यायचा, सुंठ-वेलदोडा घालायचा आणि निवल्यावरच दूध मिसळायचं. गरम असताना दूध घातलं तर नासतं, हे प्रत्येक नव्या सुनेला एकदा तरी कळतंच. पोरांना द्यायचं असेल तर शेवया निवू द्याव्यात. गार शेवया, गार दूध, गूळ. फ्रीजचा संबंध नाही.

याच पिठाचं दुसरं लेणं म्हणजे वळवट. गव्हले, नखुल्या, मालत्या, फणोल्या, बोटव्या. बोटांच्या चिमटीत पीठ वळून तांदळाच्या दाण्याएवढे गव्हले करायचे, नखाने दाबून नखुल्या उठवायच्या. मराठवाड्याच्या उत्तरेकडे आणि विदर्भात सरगुंडे होतात, बारीक काडीवर पिठाची पट्टी गुंडाळून, काडी ओढून घेऊन वाळवलेले. ते उकडून आमरसाबरोबर खातात. वळवट हे सुट्टीतल्या पोरांना बसवून ठेवायचं हमखास काम आहे. मातीशी खेळणारी पोरं पिठाशी तितक्याच तन्मयतेने खेळतात, आणि आपल्या हातच्या वेड्यावाकड्या नखुल्या खिरीत शोधून खातात. लग्नाच्या रुखवतात याची ताटं मांडली जायची. हल्ली त्या जागी प्लास्टिकची फुलं दिसतात. वळवटाची खीर म्हणजे तुपावर भाजायचं, पाण्यात शिजवायचं, गूळ घालायचा, निवल्यावर वरून दूध. आजीला वेळ असेल आणि नातवंडांना सुट्टी असेल तर हा पदार्थ टिकेल, एरवी नाही.

शेवयांचा विषय निघाला की बीडमध्ये दुसऱ्या अर्ध्या गावाला वगळून चालत नाही. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बीड शहरात, अंबाजोगाईत, परळीत, माजलगावात मुस्लिम वस्ती जुनी आणि मोठी. तिथेही उन्हाळ्यात गच्च्यांवर शेवया वाळतात. जात थोडी निराळी, बारीक आणि भाजून तांबूस केलेली, शीरखुर्म्यासाठी. २०२१, २०२२ आणि २०२३ या तीन वर्षांत एक गंमत घडली. १४ मे २०२१, ३ मे २०२२ आणि २२ एप्रिल २०२३, तिन्ही वेळा रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली. योगायोग म्हणावा तर आहे, पण त्यामागे साधा चंद्राचा हिशोब आहे. अमावास्येनंतरची पहिली कोर दिसते ती प्रतिपदा-द्वितीयेच्या संध्याकाळी, म्हणजे ईद नेहमीच आपल्या शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपास पडते. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो म्हणून ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. आपलंही वर्ष तसंच सरकतं, पण दोन-तीन वर्षांनी अधिक मास घालून आपण ते जागेवर आणतो. त्या तीन वर्षांत दोन्ही महिने जुळून चालले. २०२३च्या अधिक श्रावणाने जोडी एक घर मागे गेली. २०२४ मध्ये ईद गुढीपाडव्याच्या मागोमाग आली, आणि २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा, ३१ मार्चला ईद.

तर त्या तीन वर्षी एकाच सकाळी एका गल्लीत अक्षय तृतीयेला भरलेल्या पितरांच्या घागरीसमोर शेवया आणि दुसऱ्या गल्लीत शीरखुर्म्याच्या शेवया. २०२१ला टाळेबंदी होती, डबे फार फिरले नाहीत. पुढच्या दोन वर्षी फिरले. शीरखुर्मा करणं अवघड नाही, घाई मात्र चालत नाही. खारीक रात्री भिजत घालून सकाळी उभी चिरायची, चारोळी-बदाम तुपावर परतायचे, दूध आटवून अर्धं-पाऊण करायचं, साखर घालायची आणि शेवया अगदी शेवटी. त्या आधी पडल्या की खीर होते, शीरखुर्मा होत नाही. दुधात मोकळ्या तरंगल्या पाहिजेत.

अक्षय तृतीयेचं मुख्य गोड मात्र आंबा. पितरांची घागर भरून, आंबा दाखवून झाल्याशिवाय घरात आमरस करायचा नाही असा इथल्या कित्येक घरांचा जुना रिवाज. तो श्रद्धेचा असेल, पण बागाईतदाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे. त्याआधी उतरवलेला आंबा बहुधा कोवळा असतो, आणि कोवळा आंबा घाईने पिवळा करायला कार्बाइड लागतं. कार्बाइडने फळं पिकवण्याला कायद्याने बंदी आहे, तरीही बाजारात काय चालतं ते सांगायला नको. झाडावर पाड लागला, म्हणजे एखाद-दुसरा आंबा आपसूक पिकून खाली पडला, की उतरवायला हरकत नाही हा जुना इशारा. मग घराच्या अंधाऱ्या खोलीत गवताची आढी. एक थर गवत, एक थर आंबे. आठ-दहा दिवस. आढीच्या वासावरून म्हातारी माणसं सांगतात, कुठल्या कोपऱ्यातला आंबा आज काढायचा.

बांधावरच्या गावरान आंब्यांना माणसांसारखी नावं असायची. शेपूचा वास येतो तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, रंगावरून शेंदऱ्या, गोडीवरून साखऱ्या, आकारावरून गोट्या. ती झाडं मोठ्या संख्येने गेली. काही दुष्काळांत वाळली, काही लाकडासाठी तुटली. जागा घेतली केसरने. केसर मूळचा सौराष्ट्राचा, जुनागडच्या नवाबाच्या दरबारात १९३४ साली त्याला हे नाव मिळाल्याचं सांगतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेला तो असा मानवला की २०१६ मध्ये 'मराठवाडा केसर' म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ठिबक, शेततळं आणि सघन लागवड यांवर उभ्या असलेल्या बागा आता अंबाजोगाई-केज-आष्टीच्या पट्ट्यात दिसतात. रसाला केसर उत्तम यात वाद नाही. दाट, केशरी, धागा नाही. पण चोखून खायचा आंबा म्हणजे गावरानच; त्याचा रस पातळ, आणि शेवयांवर घालायला मला तोच बरा वाटतो. दाट रस शेवईवर बसतो, पातळ रस शेवईत शिरतो.

आमरसाची कृती लिहायची वेळ यावी हे जरा हसण्यासारखं आहे, पण तीन गोष्टी सांगतो. आंबे तासभर पाण्यात बुडवून ठेवावेत आणि देठाजवळचा चीक पिळून टाकावा, घशाला त्रास होत नाही. मिक्सर लावू नये. हाताने पिळून जाड चाळणीतून काढलेल्या रसाला जो पोत असतो तो पात्याला जमत नाही. आणि चिमूटभर मीठ, चिमूटभर सुंठ किंवा मिरपूड, वर चमचाभर तूप, हे वगळू नये. साखर आंब्याने मागितली तरच.

चुलीवर एकदाही न चढता होणाऱ्या गोडांत कैरीचा उन्हातला मुरांबा पहिला. कैऱ्या सोलून किसायच्या, मीठ-हळद लावून दोन तास ठेवायच्या, सुटलेलं पाणी हलक्या हाताने काढायचं, आणि किसाच्या दुपटीएवढी साखर मोजून बरणीत मिसळायची. तोंडाला पातळ कापड बांधून बरणी उन्हात. रोज संध्याकाळी आत आणून लाकडी चमच्याने ढवळायची. साखर किसातलं पाणी ओढून घेते, ऊन ते पाणी उडवतं. आठ-दहा दिवसांत पाक दोरीवर येतो आणि कैरीचा कीस पारदर्शक होतो. चुलीवरच्या साखरांब्यात जो करपट वास कधी कधी येतो तो इथे येण्याचा प्रश्नच नाही. शेवटी वेलदोडा, केशर परवडलं तर केशर. गुलकंदाची तीच रीत: देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि तेवढीच किंवा थोडी जास्त खडीसाखर, थरावर थर, दोन-तीन आठवडे ऊन. थंड दुधात चमचाभर गुलकंद आणि भिजवलेला सब्जा घातला की पोरं दुसरं काही मागत नाहीत. ही दोन्ही कामं दहा-बारा वर्षांच्या पोरीलाही सोपवता येतात, कारण यात भाजण्या-पोळण्याचा धोका नाही. फक्त बरणी कोरडी ठणठणीत हवी.

आणि चिंच. मार्चपासून गावोगाव झाडं झोडपली जातात, ओसरीवर चिंचेचे ढीग पडतात, बायका फोडत बसतात. टरफल वेगळं, शिरा वेगळ्या, चिंचोके वेगळे. माल जातो बार्शी, अहिल्यानगरच्या बाजारात. ढिगाशेजारी बसलेल्या पोरांनी शोधून काढलेला पदार्थ असावा हा: वाटीभर बिया काढलेली चिंच, त्याला वाटी-दीड वाटी गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, कणभर तिखट, सगळं खलबत्त्यात कुटून एकजीव करायचं आणि ज्वारीच्या चिपाडाच्या काडीवर लिंबाएवढा गोळा थापायचा. बाजारातल्या कांडीपेक्षा जास्त वेळ टिकतो, कारण तोंड आंबट होऊन मध्येमध्ये थांबावं लागतं.

सातूचं पीठ हे त्याहून शहाणं. गहू भिजवून, सडून, भाजून, डाळं किंवा भाजलेली हरभरा डाळ, जिरं, सुंठ, सगळं दळून ठेवलं की उन्हाळाभर चुलीची गरज नाही. गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवायचं, झालं. रानात जाणाऱ्याच्या फडक्यात बांधून देता येतं. अक्षय तृतीयेला सातू, पंखा, पाण्याचं मडकं दान द्यायचं असतं, त्यात एका उन्हाळ्याला लागणारं सगळं आलं. हल्ली याच पिठाला शहरात प्रोटीन ड्रिंक म्हणून मागणी येते आहे असं ऐकतो. येऊ दे.

खरबुजाबद्दल थोडक्यात. गेवराई-माजलगावच्या कडेने गोदावरी वाहते. तिच्या पात्रात वाळूवर टरबूज-खरबुजाच्या वाड्या असायच्या. आता वाळूच उपसली गेली आणि पात्राला पाणीही धरणाच्या मर्जीने येतं, त्यामुळे टरबूज मल्चिंग पेपरवरचं असतं. पिकलेल्या खरबुजाच्या बारीक फोडी, किसलेला गूळ, वेलदोडा, अर्धा तास माठाशेजारी झाकून ठेवलं की फोडी आपल्याच रसात तरंगतात.

गारव्याचं काय, असं कुणी विचारेल. गारवा इथे कायम उधारीचा राहिला आहे. परळीला १९७० च्या दशकापासून औष्णिक वीज केंद्र आहे, राख जिल्ह्याच्या वाट्याला आणि भारनियमनही जिल्ह्याच्याच वाट्याला. २०१३च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण ज्या मांजरा धरणावर लातूर जगतं ते केज तालुक्यातल्या धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं. अशा उन्हाळ्यात सरबताची पाककृती सांगणंही जिवावर येतं. ज्या घरात टँकरच्या पाण्याचे हंडे मोजून वापरतात तिथे पन्ह्यापेक्षा शेवया परवडतात. त्यांचं उकळलेलं पाणी जनावराला तरी जातं.

पोरांना मात्र हे पटवून देता येत नाही. त्यांना गारेगार हवं. सायकलच्या मागच्या डब्यातली रंगीत कांडी, जत्रेतला बर्फाचा गोळा, किराणा दुकानातली प्लास्टिकच्या नळीतली 'पेप्सी', जिचा त्या नावाच्या कंपनीशी काहीही संबंध नाही. घरी फ्रीज असेल तर कोकम, कैरीचं पन्हं किंवा उसाचा रस स्टीलच्या छोट्या पेल्यांत ओतून, मध्ये चमचा उभा करून गोठवला की त्याच तोडीची कांडी होते, आणि पाणी कुठलं आहे ते आपल्याला माहीत असतं. बाहेरच्या गोळ्याबद्दल एवढंच ध्यानात ठेवावं: २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे. पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच असेल याची खात्री कुणी द्यावी?

सीताफळाशिवाय बीडचा गोडाचा विषय पुरा होत नाही, जरी ते उन्हाळ्यात पिकत नाही. बालाघाटच्या डोंगरांच्या मुरमाड उतारावर कुणी न लावता उगवलेली ही झाडं, पाऊस कमी झाला तरी फळ देणारी. 'बीड सीताफळ' या नावाने २०१६ मध्ये त्यालाही मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि 'धारूर ६' हा वाण तिथलाच. फळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे आत्ता. झाडावरून उतरल्यावर तीन-चार दिवसांत ते पिकून फुटतं, आणि भाव पडतो तोही त्याच चार दिवसांत. म्हणून गर काढून गोठवून ठेवायचं काम बायकांचे बचत गट आणि छोटे उद्योग करू लागले. उणे अठरा अंशांना ठेवलेला गर मे महिन्यात रबडीला आणि आइस्क्रीमला जातो. घरच्या फ्रीजरमध्येही जमतं. पिकलेल्या फळाचा गर चाळणीवर हलक्या हाताने फिरवून बिया सोडवायच्या, बी फुटू द्यायची नाही, किलोला दोन-तीन चमचे साखर आणि थोडं लिंबू लावून लगेच हवाबंद पिशव्यांत चपटा भरून गोठवायचा. लिंबू नसेल तर हवेने गर काळा-गुलाबी पडतो. आणि एक नियम मोडू नये: सीताफळाचा गर उकळायचा नाही. तापला की कडू होतो. दूध आधी आटवा, पूर्ण निवू द्या, मग गर. ज्यांना सीताफळ बासुंदी कधी जमली नाही त्यांचं बहुधा इथेच अडलेलं असतं.

हा गर हाताशी असेल तर फ्रीजरवाचूनची कुल्फी एकदा करून पाहावी, पोरांसाठी तरी. फ्रीज नव्हते तेव्हाही गारवा करत होतेच: अकबराच्या दरबाराची रीत अबुल फजलने लिहून ठेवली आहे, शोऱ्याच्या पाण्यात भांडं फिरवून पाणी गार करायची. १८३४ मध्ये तर मुंबईला अमेरिकेतून जहाजाने बर्फ येऊ लागला होता. आपल्याला बाजारातली बर्फाची लादी आणि जाडं मीठ पुरतं. म्हशीचं एक लिटर दूध निम्मं आटवायचं. अर्धी वाटी साखर आणि जमल्यास शंभर ग्रॅम खवा. बीडच्या शिवेपलीकडे भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत, तो खवा या भागात सहज मिळतो. साखर चवीपेक्षा किंचित जास्तच, कारण गार झाल्यावर जिभेला गोडी कमी कळते. दूध निवलं की त्यात वाटीभर सीताफळाचा गर. मिश्रण झाकणाच्या छोट्या पत्र्याच्या डब्यांत पाऊण भरायचं आणि झाकणाच्या फटीला मळलेली कणीक लावून बंद करायचं.

मोठ्या घमेल्यात गोणपाट, त्यावर ठेचलेला बर्फ, तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. मिठाने बर्फ वितळू लागतो, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या डब्यांतून ओढतो, आणि मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली जातं. हे पोरांना सातवी-आठवीच्या पुस्तकात वाचून समजत नाही, बोट घालून पाहिल्यावर लगेच समजतं. डबे त्यात गाडायचे, वरून पुन्हा बर्फ-मीठ, पुन्हा गोणपाट, आणि दर दहा मिनिटांनी प्रत्येक डबा हाताने फिरवायचा. त्यासाठी पोरांचे नंबर लावून द्यावेत, म्हणजे भांडणं घमेल्यापाशीच होतात. तासाभरात कडा धरतात, दीड तासात कुल्फी घट्ट होते. वितळलेलं पाणी मधूनमधून काढून टाकायचं, झाडाला घालायचं नाही, मीठ असतं. आणि डबा उघडण्याआधी तो बाहेरून कोरड्या फडक्याने नीट पुसायचा, कणीक खरवडून काढायची, मगच झाकण फिरवायचं. उतावीळपणा केला की झाकणाच्या कडेचं खारट पाणी पहिल्या चमच्यालाच आत जातं, आणि सगळा डबा शेजारच्या घरी 'मुद्दाम मिठाची केली' म्हणून द्यायची वेळ येते.